विभागप्रमुखांचं मत

आत कोळेकर मॅडमची मुलाखत चालली होती आणि बाहेर बाकावर बसून मी शब्दन् शब्द ऐकत होतो. आमच्या प्राचार्यांच्या खोलीला एका बाजूनं भिंत नव्हती, प्लायवूडचं पार्टिशन होतं, आणि तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं.

"वीस आणि एकवीस, या दोन वर्षांत तुमचा एकही शोधनिबंध नाही," विद्यापीठाकडून आलेले अध्यक्ष म्हणाले.

"नाही, सर."

"त्याआधीच्या दहा वर्षांत एकोणीस दिसतात. मग एकदम काय झालं?"

"साथ आली, सर."

"साथ सगळ्यांनाच आली की. तुमच्याच विभागातल्या हिरेमठांचे याच दोन वर्षांत सहा निबंध आहेत."

हिरेमठ म्हणजे मी. बाकावर बसल्या बसल्या मी सदऱ्याची कॉलर नीट केली. मॅडमसमोर माझं उदाहरण दिलं जातंय, असं बारा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

ही गोष्ट दोन हजार बावीसच्या ऑगस्टमधली. सोलापूरपासून तासाभरावर तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. वनस्पतिशास्त्र विभागात कोळेकर मॅडम आणि मी, आम्ही दोघंच. मी विभागप्रमुख, त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्या वर्षी प्रोफेसरपदाची एकच जागा निघाली होती आणि तिच्यासाठी आमच्या दोघांचे अर्ज होते.

वैजयंती कोळेकर विभागात आल्या तेव्हा मी त्यांना प्रयोगशाळा दाखवली होती. हजेरीचं रजिस्टर कसं भरायचं, परीक्षा विभागातल्या कुणाशी गोड बोलायचं, सगळं शिकवलं होतं. पहिले सहा महिने त्या मला विचारल्याशिवाय कपाट उघडत नसत. मला ते फार आवडायचं. मग एका रविवारी मी त्यांच्याबरोबर माळावर गेलो.

त्यांचा विषय गवत. आजोबा मेंढपाळ होते, सगळं बालपण माळरानावर गेलेलं. मी पुस्तक उघडून, भिंग लावून एक गवत ओळखायला बसलो होतो. मॅडमनी चालता चालता काडी तोडली, दातात धरली आणि म्हणाल्या, "पवन्या. आजोबा म्हणायचे, याच्यावर मेंढरू लवकर अंग धरतं." पुढं त्याचं शास्त्रीय नावही सांगितलं. मी पान उलटून पाहिलं. बरोबर होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर माळावर गेलो नाही.

पुढं सगळं तसंच होत गेलं. मी शिकवताना मुलं घड्याळ बघायची, त्यांचा तास संपला तरी वर्गातून उठायची नाहीत. एकदा पुण्याहून एक नामांकित शास्त्रज्ञ कॉलेजात आले. त्यांनी मला फाटकावर गाठलं, हात जोडून नमस्कार केला आणि विचारलं, "डॉक्टर कोळेकर कुठं बसतात?" मी त्यांना विभागापर्यंत पोचवलं. चहासुद्धा मीच सांगितला. त्यांच्या गप्पा दीड तास चालल्या आणि मी शेजारच्या टेबलावर अंतर्गत परीक्षेचे गुण भरत बसलो.

मॅडमची खरी मिळकत म्हणजे त्यांचे नमुने. गवताची प्रत्येक जात दाबून, वाळवून, जाड कागदावर चिकटवायची. खाली गाव, तारीख, जमीन कसली, तिथल्या लोकांच्या तोंडी नाव काय, हे बारीक अक्षरात लिहायचं. असे कागद पुठ्ठ्याच्या खोक्यांत रचलेले, मध्ये मध्ये डांबरगोळ्या. विभागात शिरलं की आधी त्या गोळ्यांचा वास यायचा. बाहेरचे लोक त्या वासावरून त्याला कोळेकर मॅडमचा विभाग म्हणायचे. विभागप्रमुख मी होतो.

आणि मग टाळेबंदी आली. लोकांचे हाल झाले, माणसं गेली, हे सगळं मलाही दिसत होतं. पण खरं सांगायचं तर ते दिवस मला मानवले. माझं काम टेबलावरचं. इतरांनी केलेलं संशोधन गोळा करायचं, वाचायचं, त्यावर आढावा लिहायचा. आतल्या खोलीचं दार लावून मी सकाळी नऊला बसायचो तो जेवायलाच उठायचो. माझी बायको सुनंदा चहा आणून दाराबाहेर ठेवायची. एकदा कप उचलताना म्हणाली, "एवढी शांतता कुणी मला दिली असती तर मीही लिहिलं असतं काहीतरी." मी हसलो. त्या आठवड्यात माझा तिसरा निबंध स्वीकारला गेला होता.

मॅडमचं घर शेजारच्या तालुक्यात. गाव सील झालेलं. नवरा वीज कंपनीत, तो रोज ड्यूटीवर. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, दोन मुलं, आणि सगळ्यांत मिळून धड चालणारा एकच फोन. त्याच फोनवर मुलांची शाळा, त्याच फोनवर मॅडमचे तास. माळावर जायची बंदी, म्हणजे गवताचे दोन हंगाम हातचे गेले. हे मला माहीत होतं, कारण त्या मला फोन करून सांगायच्या. "सर, ऑक्टोबर चाललाय, कुसळी फुलावर आली असेल," असं म्हणायच्या. मी म्हणायचो, "काय करणार मॅडम, इलाज नाही." फोन ठेवला की मी पुन्हा लिहायला बसायचो. तेव्हा माझा हात जास्त वेगानं चालायचा.

तरीही, ऑनलाइन तासाला माझ्याकडे नऊ मुलं आणि त्यांच्याकडे साठ. त्यांनी मुलांना सांगितलं होतं, घराबाहेर दहा पावलं जा, जे गवत दिसेल त्याचा फोटो पाठवा. साथीत, उंबऱ्यापासून दहा पावलांवर त्यांनी वर्ग भरवला. हे मला सुचलं नव्हतं.

तर मुलाखतीचं सांगत होतो.

"साथ म्हणजे नेमकं काय अडलं, ते सांगा," अध्यक्ष म्हणाले. "या वर्षी समितीला मुभा आहे. एरवी शेवटची दोन वर्षंच मोजतात, पण साथीमुळे ज्यांचं संशोधन थांबलं त्यांची ती दोन वर्षं मोजणीतून वगळून आधीचं काम धरता येतं. पण कारण ठोस हवं."

"माळावर जाता आलं नाही, सर. ते तरी भरून काढलं असतं. जुन्या नमुन्यांवरच दोन-तीन निबंध झाले असते. पण विज्ञानाची इमारत विलगीकरण केंद्रासाठी घेतली आणि माझे सगळे नमुने भिजले. वाळवी लागली. काही उरलं नाही."

"सामान हलवण्याची जबाबदारी कुणाची होती?"

इथं मॅडम थांबल्या. मी बाकाची कड धरली.

"कुणाची म्हणून काय सांगू, सर," त्या म्हणाल्या. "ते दिवसच तसे होते. ज्याला जे जमलं त्यानं ते केलं."

आता एक गोष्ट मी आतापर्यंत सांगायची टाळली, ती सांगतो.

दोन हजार वीसच्या मे महिन्यात प्राचार्य उंबरजे सरांचा मला फोन आला होता. तहसीलदारांचा आदेश आलाय, संध्याकाळपर्यंत विभाग रिकामा करा, तुमच्या नावाचा पास पाठवतो. पास एकट्या माझ्याच नावाचा निघाला. कॉलेजवर मदतीला लिंबाजी होता, आमचा प्रयोगशाळेचा शिपाई. आम्ही दोघांनी सूक्ष्मदर्शकं, रसायनं, माझी पुस्तकं, माझ्या जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे, सगळं जिमखान्याच्या खोलीत नेऊन लावलं.

दुपारी मॅडमचा फोन आला. "सर, ऐकलं मी. मला येता येत नाही, पोलिसांनी नाक्यावरनं परत पाठवलं. माझे खोके तेवढे कोरड्या जागी ठेवा हं. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल."

"काळजी करू नका, मॅडम," मी म्हणालो.

फोन ठेवला तर लिंबाजी पहिला खोका डोक्यावर घेऊन उभा. "सर, ह्ये बी जिमखान्यातच ठिवू ना? जागा हाय अजून."

जागा होती. माझी नियतकालिकं जरा सरकवली असती तर सगळे खोके आरामात बसले असते. मी त्या खोक्याकडे पाहिलं. वर मॅडमच्या बारीक अक्षरात गावांची नावं लिहिलेली होती.

"नको," मी म्हणालो. "सायकल स्टँडच्या पत्र्याखाली ठेव."

"पाऊस आला तर, सर?"

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ठेव."

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं आणि खोका घेऊन गेला. चौदा फेऱ्या केल्या त्यानं. मी जिमखान्याला कुलूप लावलं. दोन आठवड्यांचे आठ महिने झाले. जूनमध्ये वादळ झालं, ऑक्टोबरात अतिवृष्टी. एकदाही मी लिंबाजीला फोन करून म्हणालो नाही की खोके आत घे. प्रत्येक पावसात मला त्या खोक्यांची आठवण यायची, हेही खरं.

जानेवारीत कॉलेज उघडलं तेव्हा मॅडम सरळ सायकल स्टँडकडे गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण खोके दुरून दिसत होते. पुठ्ठा हातात घेतला तर त्याची माती झाली. त्या उकिडव्या बसल्या आणि एकेक खोका उघडून बघत राहिल्या, शेवटच्यापर्यंत. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "फार वाईट झालं, मॅडम. गडबडीत काही सुधरलं नाही." त्यांनी मान हलवली. आणि त्या क्षणी, त्यांचा पदर मातीत लोळत असताना, मला आतून हलकं वाटलं. दहा वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं.

मुलाखत संपवून मॅडम बाहेर आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जा, सर. चांगले लोक आहेत." आणि मी उठलो त्याच जागी बसल्या. त्यांना कार्यालयातून मूळ प्रमाणपत्रं परत घ्यायची होती, आणि क्लार्क जेवायला गेला होता.

आत माझं छान झालं. सहाही निबंधांचं कौतुक झालं. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला.

"हिरेमठ, तुम्ही स्वतः उमेदवार आहात, त्यामुळे तुम्हाला हे विचारणं बरोबर नाही. पण विभागप्रमुखही तुम्हीच, दुसरं कुणाला विचारणार? कोळेकरांचे नमुने गेले, ते टाळता येण्यासारखं नव्हतं, असं तुमचं मत असेल तर आम्ही त्यांची दोन वर्षं वगळू. मग हिशेब बदलतो, हे तुम्हाला कळतंच आहे."

कळत होतं. दोन वर्षं वगळली की माझ्या सहा निबंधांसमोर त्यांचे एकोणीस उभे राहणार होते.

"सामान हलवण्याच्या सूचना मिळाल्या होत्या, सर," मी म्हणालो. "मॅडमशी त्याच दिवशी फोनवर बोलणंही झालं होतं. इमारतीतलं बाकी सगळं सामान सुखरूप राहिलं."

"म्हणजे थोडी काळजी घेतली असती तर नमुनेही वाचले असते?"

"वाचले असते, सर."

या उत्तरात एक शब्दही खोटा नव्हता. उंबरजे सर खाली टेबलाकडे बघत होते. अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

बाहेर आलो तर मॅडम बाकावर तशाच बसलेल्या. मांडीवर फाईल, फाईलवर दोन्ही हात. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी फक्त पाय जवळ घेतले, मला जायला वाट मिळावी म्हणून.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मी प्रोफेसर झालो. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मॅडमनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून "धाकट्याला नेते" म्हणाल्या. घरी सुनंदानं विचारलं, "आणि कोळेकर मॅडमचं काय झालं?"

"नाही झालं."

"का?"

"पेपर नव्हते त्यांचे."

ती कप घेऊन आत गेली.

मला वाटलं होतं, आता ते आतलं कुरतडणं थांबेल. थांबलं नाही. उलट, दारावर नव्या पाटीत माझं नाव लागलं आणि मुलं त्या पाटीखाली उभी राहून विचारायची, "सर, मॅडम कुठायत?"

त्याच वर्षी ऑक्टोबरात मी स्कूटरवरून घरी येत होतो. गावाबाहेर गायरानाशेजारी रस्त्याला कॉलेजची दहा-बारा मुलं दिसली आणि मध्ये मॅडम, साडी खोचलेली, पायात नवऱ्याचे बूट. मी न थांबता पुढं गेलो. शंभर पावलांवर जाऊन स्कूटर बंद केली. का, ते मला सांगता येणार नाही. परत चालत आलो.

मुलं पांगून गवत तोडत होती. मॅडम दोन लाकडी चौकटींमध्ये कागद रचून पट्टा आवळत होत्या.

"जरा गुडघा द्या, सर," त्या म्हणाल्या. "एकटीनं आवळत नाही."

मी चौकटीवर गुडघा टेकवला. त्यांनी पट्टा ओढला. वरच्या कागदाच्या कोपऱ्यात नमुन्याचा क्रमांक लिहिलेला होता. सात.

"पुन्हा पहिल्यापासून?" मी विचारलं.

"मग कुठनं?"

"मॅडम," मी म्हणालो, "ते खोके पत्र्याखाली ठेवायला मी सांगितलं होतं. जिमखान्यात जागा होती."

त्या पट्ट्याची कडी अडकवत राहिल्या. "माहीत आहे. लिंबाजीनं सांगितलं मला. कॉलेज उघडलं त्याच आठवड्यात. रडत होता बिचारा."

"मग समितीपुढं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं." कडी अडकली. त्यांनी मान वर केली. "माझ्या तोंडून ते चहाडीसारखं दिसलं असतं. तुमच्या तोंडून खरं वाटलं असतं. म्हणून मी बाहेर बसून राहिले, सर. क्लार्क केव्हाच परत आला होता. त्या पार्टिशनमधनं सगळं ऐकू येतं, तुम्हालाही माहीत आहे."

मी गुडघा काढून घेतला. म्हणालो, "मला तुमचं काहीच बघवत नव्हतं, मॅडम. आजही बघवत नाही. आता हे चाललंय ना, तेसुद्धा."

यावर त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी लांबवरच्या एका मुलाला हाक मारली, "अरे मुळासकट, मुळासकट काढ!" मग माझ्याकडे वळल्या. "ते तुमचं तुम्ही बघा. पण जे झालं ते कागदावर हवं, सर. मला नाही, कॉलेजला द्या."

मी पत्र लिहिलं. प्राचार्यांना आणि विद्यापीठाला. ते दिल्यावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. उंबरजे सरांनी मला दार लावून समजावलं की झालं गेलं उकरू नका, कॉलेजचं नाव जाईल. मी पत्र मागं घेतलं नाही. चौकशी झाली, माझ्या नोंदीत ताशेरे आले, विभागप्रमुखपद माझ्याकडून मॅडमकडे गेलं. प्रोफेसरपद मात्र राहिलं, कारण दिलेलं पद काढायचा नियम कुणाला सापडला नाही. मॅडमची दोन वर्षं वगळली गेली, पण जागा भरलेली होती. त्यांना दुसरी जागा निघेपर्यंत आणखी दोन वर्षं थांबावं लागलं. शेवटची तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. रजेच्या अर्जावर त्यांची सही घेताना दर वेळी तेच जुनं कुरतडणं सुरू व्हायचं. गेल्या मे महिन्यात निवृत्त झालो.

पण पत्र देण्याआधी मी ते त्यांना दाखवलं होतं, ती सकाळ मला सगळ्यात स्वच्छ आठवते. विभागात आम्ही दोघंच होतो. टाईप केलेलं पान मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि पेन घेऊन, परीक्षेचा पेपर तपासतात तसं ओळीनं वाचायला लागल्या.

तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. "'सुमारे एक हजार नमुने' लिहिलंय तुम्ही."

"हो. आकडा मला—"

"एक हजार एकशे बेचाळीस."

मी पान ओढून घेतलं, खोडलं, वर आकडा लिहिला आणि बाजूला सही केली. त्यांनी पान परत घेतलं. पेन आणखी दोन ओळी खाली सरकलं आणि एका शब्दापाशी थांबलं. 'माझ्या निष्काळजीपणामुळे,' असं तिथं होतं.

पेन तिथून हललं नाही. खिडकीबाहेर तास बदलल्याची घंटा झाली, मुलं जिन्यावरून धावत गेली, पुन्हा शांत झालं.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. 'निष्काळजीपणामुळे' वर रेघ ओढली. त्याच्या डोक्यावर लिहिलं, 'हेव्यापोटी'. बाजूला सही केली.

त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि पान माझ्याकडे सरकवलं.

"आता द्या," म्हणाल्या.